दुसऱ्याच्या पाठीवरचं पाणी

आमच्या मामेसासऱ्यांइतका उद्धट, हेकट, तोंडाळ आणि वर प्रत्येक वेळी बरोबर ठरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. उद्धट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. गुलमंडीत माझं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी कुलूप काढल्यापासून अपमान गिळायची मला सवय आहे. साड्यांचा ढीग उलगडायला लावून 'पुढच्या वेळी बघू' म्हणत उठणाऱ्या बायकांवरही मी कधी रागावलो नाही. हेकटपणासुद्धा एक वेळ चालवून घेता येतो. पण उद्धट माणसानं अधूनमधून चुकावं तरी. तो चुकला की आपले चार दिवस बरे जातात. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण एवढंसं सुखही या गृहस्थांनी मला लाभू दिलेलं नाही.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वनखात्यात गार्ड होते आणि सगळी नोकरी त्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेत पायी फिरून काढली. मामी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. आता ते फुलंब्रीच्या बाहेर दोन खोल्यांच्या घरात एकटे राहतात. अंगात अजून खाकी शर्ट, पायात जाड तळव्याचे बूट आणि खिशात शिट्टी. निवृत्तीच्या दिवशी खात्याच्या सगळ्या वस्तू त्यांनी मोजून परत केल्या, शिट्टी मात्र हरवली म्हणून लिहून दिलं. त्यांनी आयुष्यात मारलेली ती एकुलती एक थाप असावी. ही शिट्टी ते कुठेही वाजवतात. उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकलवर वाजवतात, झाडाला खिळा ठोकून पाटी लावणाऱ्यावर वाजवतात. माझ्या मेव्हणीच्या लग्नात पानात जिलबी टाकून उठणाऱ्या एका वऱ्हाड्यावर त्यांनी ती इतक्या जोरात वाजवली, की बँडवाल्यांना इशारा वाटला आणि मुहूर्ताला तासभर अवकाश असताना वरात वाजू लागली.

कुणाच्या घरी गेले की ते आधी माणसांकडे बघत नाहीत, दाराबाहेरच्या चपलांकडे बघतात. जनावरांचे माग काढायची सवय, ती शहरात आल्यावर माणसांवर चालते. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा आत पोहे चालले होते आणि हे बाहेर माझे नवे बूट उलटे करून बघत बसले होते. मग आत येऊन सगळ्यांच्या देखत त्यांनी निकाल दिला. "पोरगं पाय घासत चालतं. मनात नसलं तरी व्हय म्हननारं हाय. नवरा म्हून बरं हाय, द्या पोरगी." माझ्या वडिलांना यात पसंती तेवढी ऐकू आली, म्हणून लग्न जमलं. मला बाकीचंही ऐकू आलं होतं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

त्यांचा राग कशावर नाही ते सांगणं सोपं, कारण अशी एकही गोष्ट मला माहीत नाही. सकाळी मैदानाला गोल गोल फेऱ्या मारणाऱ्यांवर त्यांचा राग. जिथून निघाला तिथंच यायचं होतं तर निघाला कशापायी, असं ते त्यांना थांबवून विचारतात. 'निसर्ग' या शब्दाचा तर त्यांना भयंकर संताप येतो. मी एकदा बोलण्याच्या ओघात 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणालो, तर म्हणाले, डोंगराला नाव आहे, नाल्याला नाव आहे, तुमच्या समोर झाड उभं आहे तो धावडा आहे, आणि ज्याला कुणाचंच नाव माहीत नाही तो निसर्ग म्हणतो. आणि एवढा सगळा रागराग करणारा हा माणूस स्वतःसाठी मात्र कधी कुणाकडे काही मागत नाही. आमच्याकडे आले आणि बायको कामात असली, तर चहाशिवाय तीन तास खुर्चीच्या कडेवर बसून राहतील, पण 'चहा कर' म्हणणार नाहीत. बाहेर पडताना पाण्याची जुनी ॲल्युमिनियमची बाटली घरून भरून खांद्याला लावतात, कुणाच्या घरचं पाणी मागायला नको म्हणून. त्यांना काय हवं ते ओळखून पुढं ठेवावं लागतं, आणि ठेवलं तरी उपकार आपल्यावरच होतो.

अशा माणसाला घरच्या अडचणी कोण सांगणार? म्हणून ईश्वरीचं त्यांना आम्ही काहीच कळवलं नव्हतं. ईश्वरी ही आमची एकुलती एक मुलगी. दहावीला उत्तम मार्क मिळाले, म्हणून मोठ्या हौसेनं अकरावीला डॉक्टरकीच्या क्लासला घातली. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी परीक्षा आणि परीक्षेचा निकाल लगेच सगळ्या पालकांच्या मोबाईलवर. दिवाळीच्या आधी दोन महिने ती अंथरुणातून उठेनाशी झाली. मग क्लास बंद, मग जेवण खोलीत, मग बोलणं बंद. विचारलं तर मान हलवायची, पुढं पुढं तीही हलवेनाशी झाली. आम्ही दाराबाहेर उभे राहून 'काय होतंय', 'कसं वाटतंय' असं दिवसातून दहा वेळा विचारायचो. शेजाऱ्यांना सांगायचो, अभ्यास जोरात चालू आहे. हे आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यात सल्ले देणारे. थोरल्या भावानं सांगितलं मोबाईल काढून घ्या, आम्ही काढून घेतला. शेजारच्या काकूंनी सांगितलं दृष्ट काढा, आम्ही काढली. क्लासच्या सरांनी सांगितलं की मुलींची नाटकं असतात, यावर मात्र मी गप्प बसलो, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं. मग दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं शहराबाहेरच्या कुठल्याशा रिसॉर्टवरच्या शिबिराची पत्रिका आणून दिली. मुलांच्या मनावरचा ताण निसर्गाच्या कुशीत तीन दिवसांत घालवून देतो, असं त्यावर छापलं होतं. मी हो म्हणालो. ओढून, समजावून, रडून तिला पाठवली. तिथं झाडं होती ती कुंड्यांत. सकाळी सहापासून लाऊडस्पीकर. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलानं स्टेजवर जाऊन माईकमध्ये आपली भीती सांगायची आणि मग 'मी जिंकणारच' असं तीनदा ओरडायचं. दोन महिने ज्या मुलीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता तिला त्यांनी माईकसमोर उभं केलं, ती उभीच राहिली, आणि पोरं हसायला लागल्यावर शिबिर घेणारा टोपीवाला म्हणाला, हिच्या भीतीसाठी जोरदार टाळ्या. हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिला आत्मविश्वासाचं प्रमाणपत्र मिळालं आहे, आणि ते मी लॅमिनेट करून आणलं. त्या दिवसापासून तिनं खोलीला आतून कडी लावायला सुरुवात केली.

अशात मामा सीताफळांची टोपली घेऊन न सांगता आले. बेल वाजली नाही, पण दाराबाहेर कुणीतरी आहे असं वाटलं म्हणून मी दार उघडलं, तर हे चपलांच्या रॅकसमोर उकिडवे बसलेले. हातात ईश्वरीची सँडल होती आणि तिच्या पट्ट्यातून टाचेपर्यंत एक जाळं गेलेलं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "कोळी येका रातीत जाळं इनतो. पर ह्या जाळ्यावर धूळ साचलीय. धूळ साचायला महिना लागतो. पोर किती दिस झाले भायेर पडली नाय?"

मी सवयीनं म्हणालो, अभ्यास चालू आहे. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. त्यांनी शिट्टी वाजवली असती तर मला बरं वाटलं असतं. बायको मागून आली आणि मामांना बघून एकदम रडायला लागली, तेव्हा सगळं सांगावंच लागलं. ते आत आले. ईश्वरीच्या बंद दाराला पाठ लावून फरशीवर बसले आणि सीताफळ खायला लागले. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, कसं वाटतंय हे विचारलं नाही. टेबलावरचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र बिया टाकायला घेतलं. एक खाल्लं, दुसरं फोडून अर्धं दाराच्या फटीशी ठेवलं आणि तिकडे न बघता तिसरं खाऊ लागले. दोन तासांनी दार चार बोटं उघडलं, एक हात बाहेर आला आणि ते अर्धं सीताफळ आत गेलं. मग उठून मामा मला दुसऱ्या खोलीत घेऊन गेले आणि तिथं माझी जी काही चंपी झाली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. थोडक्यात मुद्दा असा होता की गाय दोन दिवस चारा खाईना झाली तर अडाणी गुराखीसुद्धा डॉक्टरला बोलावतो, आणि मी शिकलेला असून दृष्ट काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला मनोविकारांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिथं आम्हाला कळलं, की गेली काही वर्षं हे दोघं मिळून एक उद्योग करतात. तिच्याकडे येणारी दहावी-बारावीची मुलं औषधानं आणि बोलण्यानं जरा सावरली, की त्यातल्या निवडक पाच-सहा जणांना ती मामांबरोबर तीन दिवस डोंगरात चालायला पाठवते. आम्हाला आजवर वाटायचं, मामा शाळांच्या सहली नेतात. त्यांचं डॉक्टरीणबाईंशी सतत भांडण. ती त्यांना प्रत्येक मुलाचा फॉर्म भरायला लावते, औषधांच्या वेळा लिहून देते, दवाखान्यातली एक ताई सोबत पाठवते, म्हणून ते धुसफुसतात. पण तिच्या चिठ्ठीशिवाय त्यांनी एक पोर कधी डोंगरावर नेलं नाही. एकदा एक बडे गृहस्थ मोठ्या गाडीतून मुलाला घेऊन थेट त्यांच्या दारात आले, औषधं बंद केली आहेत, आता तुम्हीच काय ते करा म्हणाले. मामांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "हितं डोंगर हाय, दवाखाना नाय," ते म्हणाले. "आधी तिकडं जा. डोंगर कुटं पळून चाललाय?"

ईश्वरीची चिठ्ठी निघायला अडीच महिने लागले. औषधांनी तिला झोप येऊ लागली, ती जेवायला बाहेर येऊन बसू लागली, पण बोलणं नव्हतं. डॉक्टरीणबाईंशी ती वहीत लिहून बोलायची. आम्हाला तर वहीसुद्धा नाही. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, की हिनं एकदा तोंड उघडावं, मग शिव्या दिल्या तरी चालतील. दरम्यान मामांनी दुकानात येऊन माझ्याकडून रंगीत कात्रणांची थैली भरून नेली. कशासाठी हे विचारल्यावर, तुमच्या कापडाचा आजवर कुणाला उपयोग झाला नाही तो आता होईल, असं उत्तर मिळालं.

उपयोग निघण्याच्या सकाळी कळला. फुलंब्रीच्या पुढं डोंगर चढायला लागतो तिथं हिवराचं एक जुनं झाड आहे. पालकांची हद्द त्या हिवरापर्यंत. तिथं सहा मुलं रांगेत उभी होती आणि मामांनी प्रत्येकाला एकेक कात्रण निवडायला सांगितलं. ईश्वरीनं पिवळं घेतलं. मग ते कात्रण प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटलीला बांधलं आणि बाटल्या उलटसुलट वाटून टाकल्या. मामांच्या वाटेवर नियम दोनच. एक म्हणजे, कुणी कुणाला कसं वाटतंय हे विचारायचं नाही. आणि दुसरा, आपलं पाणी आपल्या पाठीवर न्यायचं नाही. दुसऱ्याचं न्यायचं. तहान लागली की आपलं कात्रण कुणाच्या पाठीवर आहे ते बघायचं आणि जाऊन मागायचं. खुणा करून चालणार नाही, तोंडानं मागायचं, मागितल्याशिवाय कुणी द्यायचं नाही. अगदीच कुणी कोमेजलं तर दवाखान्यातल्या ताईकडे वेगळी सोय होती. ईश्वरीचं पिवळं कात्रण सना नावाच्या एका मुलीच्या पाठीवर गेलं. ती बारावीत होती आणि बोलायला लागली की थांबत नसे. तिच्या घरच्यांनी तिला का आणलं होतं ते मी विचारलं नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. पाण्याचा नियम आदल्या दिवशी बायकोनं मला सांगितला होता, कात्रणांचं तेवढं तिलाही माहीत नव्हतं. जी मुलगी आईकडे भाकरी मागत नाही ती परक्या मुलीकडे पाणी मागेल? उन्हातान्हात तहानेनं पडेल, पण मागणार नाही. मामांचा हा आडमुठेपणा माझ्या लेकीच्या जिवावर बेतणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी तिच्या सॅकमध्ये स्वेटरच्या घडीत लिंबूसाखरेच्या पाण्याची एक बाटली लपवून ठेवली. वर चिठ्ठी ठेवली, 'कुणाला सांगू नकोस. बाबा.' आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामांवर मात केल्याच्या आनंदात मी दुकानात जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हिवराखाली जाऊन उभे राहिलो. सगळ्यात आधी मामा उतरताना दिसले आणि त्यांच्या हातात माझी बाटली होती. अर्धी भरलेली. पाच मुलांचे आईबाप तिथं उभे होते आणि त्या सगळ्यांसमोर ते माझ्यावर तुटून पडले. चोरटी तोड करणारे त्यांनी आयुष्यभर पकडले होते, पण तेसुद्धा स्वतःच्या घरचं झाड तोडत नाहीत, म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं.

"पोरीच्या तोंडाचं बूच काढाया मी दोन दिस तंगडतोड करायलोय," ते म्हणाले, "आन् तुमी आतून आनिक येक बूच ठोकून दिलं. व्हय का नाय?"

मी नेहमीसारखं व्हय म्हणालो. पण मला रागही आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बाप झाल्यावर माणसानं काय करायचं? लेकीला कोरड पडेल हे माहीत असताना हात बांधून हिवराखाली उभं राहायचं? ज्यांना स्वतःचं मूलबाळ नाही त्यांनी नियम काढणं सोपं असतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बरं झालं, तोंडाबाहेर पडलं नाही. कारण तेवढ्यात सना उड्या मारत खाली आली आणि मामांच्या हातातली बाटली बघून तिनंच सगळा खुलासा करून टाकला.

"अंकल, पैले दिन इसने पानी मांगाच नै," ती म्हणाली. "मैं पूरा दिन भरी हुई बाटली उठाके फिरी. दूसरे दिन मेरे कंधे दुखने लगे तो मैं बोली, बाई, तू पीती नै तो वजन मेरेकोच होता. तब वो रुक गई."

पुढचं तिनं सांगितलं ते असं. ईश्वरी बराच वेळ वाटेत तशीच उभी राहिली. सनाच्या पाठीकडे बघत राहिली. मग सॅक उघडून स्वेटरातली बाटली काढली, मामांकडे गेली आणि त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "बाबांनी ठेवलीये." चिठ्ठीसकट दिली. मग परत येऊन सनासमोर उभी राहिली, दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "माझं पाणी दे." एवढं झाल्यावर सना तिथंच बसून रडली, कारण, ती म्हणाली, आजवर तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं, सगळे तिला गप्प बस म्हणायचे.

पाच महिन्यांनी माझ्या मुलीच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य म्हणजे माझ्या चोरीची कबुली होती. यावर हसावं की रडावं ते मला कळेना. इतक्यात ती स्वतःच उतरून आली. नाक उन्हानं सोललेलं, केसांत कुसळं. बायको पुढं धावली. ईश्वरी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, बूट चावतायत." मी हिवराच्या बुंध्याकडे तोंड करून उभा राहिलो. मामा मागून म्हणाले, जावईबापू, झाडाला काय सांगायलात, तिला बूट नवे आणा.

असं झालं म्हणून सगळं सुतासारखं सरळ झालं असं कुणी समजू नये. डोंगरावर जादू होते असं सांगणाऱ्यांची मामा शिट्टी वाजवून हकालपट्टी करतात. पुढचं वर्षभर औषधं चालू होती, डॉक्टरीणबाई चालू होत्या, वाईट आठवडे परत परत येत होते. क्लास आम्ही सोडला तो सोडलाच. पण वाईट आठवड्यात दार बंद झालं तरी आतून आवाज यायचा, 'आई, पाणी', आणि आम्ही दोघंही तांब्या घेऊन धावायचो. आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, आणि दर खेपेला मामांबरोबर मुलांना घेऊन डोंगर चढते. खरं म्हणजे मामांबरोबर नाही. गेल्या पावसाळ्यात मामांचा उजवा गुडघा गेला. त्या गुडघ्याचा ते जितका रागराग करतात तितका त्यांनी माझाही कधी केला नसेल. आता ते गाडीनं हिवरापर्यंत येतात, मुलांचे बूट तपासतात, कात्रणं बांधतात आणि हिवराखाली घोंगडी टाकून बसतात. डोंगर ईश्वरी आणि दवाखान्यातली ताई चढतात.

मागच्या महिन्यात, पळस फुलला होता तेव्हा, मीही त्यांना सोडायला गेलो होतो. त्या दिवशी फक्त सकाळची चढण होती, दुपारी परत. ईश्वरीनं बाटल्या वाटल्या आणि शेवटी मामांसमोर येऊन उभी राहिली. आजोबा, तुमचं पाणी कुणाकडे आहे, असं तिनं विचारलं. त्यांनी खांद्यावरच्या ॲल्युमिनियमच्या बाटलीवर हात ठेवला. तेव्हा तिनं सगळ्या पोरांसमोर त्यांना ऐकवलं, की नियम केल्यापासून त्यांनी तो एकदाही पाळलेला नाही, आणि ते डोंगर चढत नसले तरी हिवर वाटेवरच येतो. पोरं बघायला लागली. मामांच्या मिशा थरथरल्या. मग त्यांनी पट्टा खांद्यावरून काढला आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनं तिला पिवळं कात्रण बांधलं, सॅकमध्ये टाकलं आणि ती निघून गेली.

ऊन चढत गेलं. बाराच्या सुमारास त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. माझी बाटली माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. मी ती काढून पुढं केली, म्हटलं मामा, इथं कोण बघतंय, घोटभर घ्या. त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"माजं पानी वर गेलंय," ते म्हणाले. "येईल."

मी बाटली परत पिशवीत ठेवली. मलाही मग पिववेना. आम्ही दोघं वर वाटेकडे बघत बसून राहिलो. एका हाताच्या अंतरानं, दीड तास. त्या दीड तासात ते मला एकदाही काही लागेल असं बोलले नाहीत आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. खाकी शर्टाची कॉलर मानेभोवती किती सैल झाली आहे, तेही मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी वरून पोरांचे आवाज आले. ईश्वरी सगळ्यात मागून उतरली. आधी तिनं पोरं मोजली, मग मामांसमोर येऊन ॲल्युमिनियमची बाटली काढली. मामांनी हात पुढं केला. तिनं बाटली दिली नाही.

"मागा," ती म्हणाली.

मामांचा हात खिशातल्या शिट्टीकडे गेला आणि तिथंच थांबला. बाटल्या उघडायच्या सोडून पोरं बघत उभी होती. मामांनी एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे.

"पानी दे, बाई," ते म्हणाले.

तिनं झाकण काढून दिलं. त्यांनी थांबत थांबत सगळं संपवलं, मिशा पुसल्या आणि मग माझ्याकडे वळले. "तुमी काय बघायलात? तुमचं पानी कुनाकडं हाय?"

माझं पाणी माझ्याच मांडीवर होतं. बावीस वर्षांच्या सवयीनं मी मुकाट्यानं ते काढून त्यांच्या हवाली केलं. परतताना गाडी ईश्वरी चालवत होती, आम्ही दोघं मागं बसलो होतो आणि माझी बाटली त्यांच्या घोंगडीवर पडली होती. फुलंब्री जवळ आली तसा माझा घसा पार कोरडा पडला, पण मागायला तोंड उघडेना. दोन शब्द, तेही घरच्या माणसाकडे. ईश्वरी मधल्या आरशातून माझ्याकडे बघत होती. माझ्यासाठी तिनं मागितलं नाही.

"मामा," मी म्हणालो, "पाणी द्या."

त्यांनी झाकण काढून बाटली माझ्या हातात दिली, आणि मी पीत होतो तोवर खिडकीबाहेर बघत राहिले.